चष्मेवाला शिपाई

लादीवरचा राखाडी चिखल गुंडेरावांनी ओल्या फडक्यानं पुसून काढला आणि खालून अप्पांनी सुष्माकडे बघितलं. दोन्ही डोळ्यांनी नाही, एकानंच. दुसरा घासून गेला होता. पण त्या एका डोळ्याभोवती काळं गोल कडं होतं, कड्यापासून कानाकडे जाणारी बारीक काडीही होती, आणि अख्ख्या म्हैसुरातल्या मातीच्या शिपायांत चष्मा घातलेला शिपाई एकच होता. सुष्मानं पाय मागे घेतला. खरं तर लादी टेबलावर होती, पाय कुठं पडणारच नव्हता. तरी घेतला, आणि घेतल्यावर तळव्याला मुंग्या आल्या.

"काय झालं, सुष्माक्का? लादी सरि नाही काय?" गुंडेरावांनी विचारलं.

"सरि आहे. छान आहे."

"तो डोळा राहिला म्हणून बघालात होय? आणखी एक हात मारतो की मशीनचा. रंग वरवरचाच असतोय. जाईल बघा आत्ता." आणि त्यांनी मशीनच्या बटणाकडे हात नेला सुद्धा.

"नको!" ती इतक्या मोठ्यानं ओरडली, की बाहेर लष्कर मोहल्ल्याच्या त्या बोळात पत्रा ठोकत बसलेला माणूस हातोडा वर धरून आत बघायला लागला. गुंडेराव भला माणूस. महालय अमावास्येला, पितरांच्या दिवशी, कारखाना उघडायचा नसतो. पण सुष्माची उद्याची घाई म्हणून घरचं पान उरकून, वडे खाऊन ते दुपारी मुद्दाम आले होते. त्यांच्या अंगाला अजून तळणाचा वास येत होता. आणि त्यांच्यावर ती ओरडली होती. "तसं नाही," ती म्हणाली, "ही लादी मी बरोबर नेते. नमुना म्हणून." नमुना या शब्दापाशी तिची तिलाच लाज वाटली. नमुना! बापाला नमुना म्हणायची वेळ आली.  गुंडेरावांनी लादी वर्तमानपत्रात गुंडाळली, सुतळी बांधली, आणि तान्हं मूल देतात तशी दोन्ही हातांनी तिच्या हातांत दिली. वजन चांगलंच होतं.

गाडीत बसल्यावर ती बराच वेळ किल्ली न फिरवता बसून राहिली. लादी आधी शेजारच्या सीटवर ठेवली होती. मग ती सीटवरून घसरेल असं वाटून खाली ठेवली. मग खाली, म्हणजे पाय ठेवायच्या जागी, हे लक्षात आल्यावर पुन्हा उचलून मागे डिकीत ठेवली, अम्माच्या शालीवर. आणि आपण हे काय करतोय असं स्वतःला विचारून हसायचा प्रयत्न केला. नंजनगूड रस्त्यावरच्या नंदनविहार या एवढ्या मोठ्या करमणूक उद्यानाची ती नवकल्पना विभागाची प्रमुख. देवधर्माचं कधी फारसं नव्हतं तिला. तिच्या सांगण्यावरून नंदनविहारनं लाटांचा तलाव बंद करून तिथं कमळं लावली होती, कारण एवढं गोडं पाणी नुसतं हेलकावे द्यायला वापरणं तिला बघवत नव्हतं. डिझेलवरचा आकाशपाळणा काढून पायानं फिरवायचा पाळणा आणला होता. लोक घामाघूम होऊन फिरवत आणि उतरल्यावर पुन्हा रांगेत उभे राहत. बसनं येणाऱ्याला तिकीट कमी, गाडीनं येणाऱ्याला जास्त. सुरुवातीला मालकमंडळी म्हणाली, लोक मजा करायला येतात, शहाणपण शिकायला नाही. सुष्मा म्हणाली, शिकवायचं नाहीच. मजाच करायची, फक्त नासाडी न करता. तिचा वरिष्ठ राघवेंद्र तेव्हा तिच्या बाजूनं उभा राहिला, आणि चाललंय ते बरं चाललंय.

आणि बाहुल्यांची वाट ही तर तिची सगळ्यांत आवडती कल्पना. म्हैसुरात दसऱ्याला घरोघरी गोंबे मांडतात, पायऱ्यांवर पायऱ्या चढवून त्यांवर बाहुल्या. माणसं कमी झाली, घरं लहान झाली, आणि मागच्या तीन पिढ्यांच्या बाहुल्या माळ्यावर खोक्यांत कुजत पडल्या. फुटलेली बाहुली कचऱ्यात टाकवत नाही म्हणून लोक पिंपळाखाली ठेवून येतात आणि पावसात तिचे रंग ओघळताना बघून मान वळवतात. सुष्मानं हे रोज ऑफिसला जाताना बघितलं होतं. तिनं सुचवलं, लोकांकडून जुन्या मातीच्या बाहुल्या गोळा करायच्या, त्यांचे तुकडे, चुरा करून लाद्या पाडायच्या आणि उद्यानात त्यांची वाट करायची. खाली सिमेंट नाही, नुसती वाळू, म्हणजे पावसाचं पाणी फटींतून जमिनीत मुरेल. 'तुमची गोंबे, आमची वाट' असे कन्नड फलक बसस्टँडपासून देवळांपर्यंत लागले, आणि लोक आले. रांगा लावून आले. एक आजीबाई वाण्याची बाहुली देताना तिच्या पुढ्यातल्या तराजूला कुंकू लावून गेल्या. देवांच्या बाबतीत सुष्मा फार काळजी घेत होती. नियमच केला होता तिनं, देव वेगळे, माणसं वेगळी. देवांना रंग देऊन शाळांना द्यायचं. वाणी, वऱ्हाडी, वाजंत्री, शिपाई, ही सगळी माणसं चुऱ्याला. कुणाच्या भावनेला धक्का नको. बेंगळुरात बक्षीस घेताना तिनं हेच सांगितलं होतं आणि टाळ्या पडल्या होत्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. साऱ्या गावच्या देवांची काळजी घेणाऱ्या बाईच्या स्वतःच्या घरचे पितर माणसांच्या पोत्यात गेले.

कारण त्यांच्या घरातले शिपाई म्हणजे नुसते शिपाई नव्हते. ही चाल दुसऱ्या कुणाच्या घरात तिनं पाहिली नव्हती. त्यांचा मूळपुरुष येसाजीराव म्हैसूरच्या राजाच्या रिसाल्यात घोडेस्वार होता. तो मेला तेव्हा त्याच्या बायकोनं त्या वर्षीच्या बाहुल्यांत एक मातीचा स्वार आणून बसवला, आणि तेव्हापासून घरातला कुणी पुरुष गेला की दसऱ्याला एक शिपाई वाढायचा. खालून तिसरी पायरी, शिपायांची पायरी. हिरवा कोट, लाल फेटा, खांद्याला बंदूक. पुढं फौज गेली, रिसाला गेला, पणजोबा रघुनाथराव नुसतं बँडात ट्रंपेट वाजवायचे, तरी मेल्यावर त्यांच्याही हातात बंदूकच आली. आणि अप्पा, जगन्नाथराव, रेल्वेच्या कचेरीत कारकून. दिवाळीत फुलबाजी सुद्धा हात लांब करून, मान फिरवून धरणारा माणूस. ते गेले त्या वर्षी अम्मा कुंभाराकडे गेली आणि म्हणाली, शिपाई कर, पण चष्मा घाल त्याला. चष्म्याशिवाय यांना चार हातांवरचं दिसत नव्हतं, शत्रू काय दिसणार. कुंभार हसला होता. अम्माही हसली होती. हसता हसता तिथल्याच ओल्या मातीच्या ढिगाजवळ ती मटकन बसली, आणि सुष्मानं तिला दंडाला धरून उठवलं. अजूनही ओल्या मातीचा वास आला की सुष्माला तो दंड आठवतो. इतका बारीक कधी झाला, असं तेव्हा वाटलं होतं.

बायकांना मात्र त्या पायरीवर जागा नव्हती. आज्जी गेली, गोदावरीबाई, तेव्हा सुष्मा लहान होती आणि तिनं सगळ्यांदेखत विचारलं, आज्जीची बाहुली कुठाय? बायका कधी शिपाई असतात काय, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. अम्मा तेवढी हसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सुष्मानं बघितलं तर खालच्या पायरीवरची भाजीवाली, डोक्यावर टोपली घेतलेली, वर जाऊन शिपायांच्या रांगेत शेवटी उभी होती. घोड्यावरचा स्वार, दोन बंदुका, एक ट्रंपेट वाजवणारा बंदूकवाला, आणि त्यांच्या शेजारी वांग्यांची टोपली. दोन दिवस ती तिथं होती. तिसऱ्या दिवशी पुन्हा खाली. कुणी उतरवली, कुणाला ठाऊक. अप्पा त्या दिवशी जरा जास्तच मोठ्यानं पेपर वाचत होते.

गाडी सुरू करून ती घराकडे निघाली, आणि रस्त्यानं तेच ते पुन्हा डोक्यात फिरत राहिलं. खोकी नेली तो दिवस. अम्मानंच सांगितलं होतं, सगळं ने. यंदा मांडायच्या नाहीत, गुडघे चढू देत नाहीत. फक्त लाल चंदनाचे राजाराणी ठेवून घेतले, लग्नात माहेरून मिळालेले. बाकी सगळं पुसून, जुन्या पातळांच्या तुकड्यांत गुंडाळून, खोक्यांत भरून ठेवलेलं होतं. देवांचं खोकं तर अम्मानं आधीच वेगळं करून ठेवलं होतं. तेवढं काम वाचलं म्हणून सुष्माला बरं वाटलं होतं. दारात टेम्पो उभा असताना अम्मानं विचारलं, "कुठं ठेवतील गं त्यांना?" आणि सुष्मा म्हणाली, "पार्कात. सगळी माणसं येऊन बघतील." तेव्हा ते खोटं नव्हतं. खरंच नव्हतं. वाटेच्या तोंडाशी एक काचेचं कपाट करायचं होतं, म्हैसूरच्या काही खास घरांच्या बाहुल्या त्यात ठेवायच्या, पहिल्या फळीवर आपले शिपाई. मग कपाटाला दिवे लागणार, दमट हवेत ते थंड ठेवायला लागणार, म्हणजे रात्रंदिवस वीज, आणि ज्या उद्यानानं वीज वाचवायची तिथं हे कसं चालेल, असं बैठकीत कुणीतरी विचारलं. विचारलं कसलं, तिनंच विचारलं होतं. हात दाखवून अवलक्षण. कपाट रद्द झालं, ती बेंगळुरास बक्षीस घ्यायला गेली, आणि परत येईपर्यंत खोकी उघडून, माणसं वेगळी काढून, पोती लष्कर मोहल्ल्यात पोचलीही होती. त्याला आता पंधरा दिवस झाले. पंधरा दिवस ती रोज जेवताना ठरवत होती की आज सांगायचं. आणि रोज अम्मा कुणाला ना कुणाला फोनवर सांगत होती, "आमच्या बाहुल्या आता पार्कात हो! सुष्मानं नेल्या. नवरात्राच्या पाडव्याला उद्घाटन, मी जाणार की!" तिच्या आवाजात अशी ऐट असायची की सुष्मा ताटातला भात नुसता चिवडत बसायची.

तिला भीती कशाची होती? अम्मा रागावेल याची नाही. अम्मा रागावली असती तर किती बरं झालं असतं. अम्मा म्हणेल, असू दे. म्हणेल, परवागिल्ला, तू मुद्दाम थोडंच केलंस. आणि मग खोलीत जाऊन त्या पातळांच्या तुकड्यांच्या घड्या घालत बसेल. सुष्माला त्या घड्यांची भीती होती. आणि आणखी एक होतं, ते जरा आत होतं, तिकडं ती फारसं बघत नव्हती. अप्पा गेल्यापासून दसऱ्याचे ते नऊ दिवस अम्मा रोज तिसऱ्या पायरीसमोर बसून बोलायची. मोठ्यानं नाही. दूधवाला काय म्हणाला, पाण्याचं बिल किती आलं. सुष्मा दारातून ऐकायची आणि आत जायची नाही. उद्या अम्मा वाटेवर जाईल, विचारेल कुठायत, आणि सुष्मा काय दाखवणार? चुरा?

घरी पोचली तेव्हा अम्मा, गिरिजाबाई, गच्चीवरून खाली येत होती, एकेक पायरी जपून. "कावळा आला बघ पटकन," ती म्हणाली. "नाही तर मागच्या वर्षी किती वाट बघाला लावली. अप्पांना वडे आवडायचे नव्हं, म्हणून यंदा दोन जास्त ठेवले. तुझं पान झाकून ठेवलंय. हात धू बेगा." सुष्मानं हात धुतले. नखांत राखाडी चिखल होता. तो निघेना म्हणून ती ब्रशनं घासत राहिली, घासत राहिली, आणि पाण्यात तो विरघळायला लागल्यावर तिनं घाईनं नळ बंद केला, कारण तो चिखल कशाचा होता ते फक्त तिला माहीत होतं.

"अम्मा," जेवताना ती म्हणाली, "उद्या फार ऊन असेल. तू नंतर कधीतरी ये. गर्दी कमी झाल्यावर."

"उन्हाला काय, छत्री घेते की."

"तिथं चालायला फार आहे. तुझे गुडघे."

"चालायचीच वाट केलीस ना गं? मग चालते." अम्मानं तिच्या पानावर आणखी एक वडा टाकला आणि तिच्याकडे बघत राहिली. "सुष्मा, तुला काय सांगायचं आहे काय?"

हीच ती वेळ होती. वडा तोंडात होता, तो गिळायचा आणि बोलायचं, इतकंच. "नाही," सुष्मा म्हणाली. "काही नाही." अम्मा उठून ताक आणायला गेली. देव्हाऱ्याशेजारच्या जागी, जिथं दरवर्षी आजपासून पायऱ्या उभ्या राहायच्या, तिथं नुसती भिंत होती, आणि भिंतीवर गेल्या कित्येक वर्षांच्या पायऱ्यांचे चुन्यात उमटलेले ओरखडे. जिना काढून नेलेल्या घरासारखी ती भिंत दिसत होती. खाली पाटावर राजाराणी दोघंच उभे होते, समोर कुणी प्रजा नसलेले. डिकीतली लादी वर आणावी काय, असं सुष्माच्या मनात आलं. आणून काय करणार? पितरांचं जेवण झाल्यावर पितराला घरात आणून पाटावर बसवणार? ती डिकीतच राहिली.

सकाळी अम्मानं मोरपंखी पातळ नेसलं, केसांत मोगरा नाही तरी अबोलीचं एक लहानसं टोक खोवलं, आणि पायांत नव्या चपला घातल्या. गाडीत ती सारखं बोलत होती, आणि सुष्माला मागून, डिकीतून, प्रत्येक गतिरोधकावर एक जड वस्तू सरकल्याचा आवाज ऐकू येत होता. नंदनविहारच्या दारात केळीचे खांब लावले होते. नादस्वर वाजत होता. वाट फितीमागं पसरलेली होती, कमळांच्या तलावाला वळसा घालून गेलेली, आणि सकाळच्या उन्हात ती खरंच देखणी दिसत होती, हे सुष्माला मान्य करावंच लागलं. विटकरी, पांढरे, निळे, हिरवे, लाल कण. हिरवे आणि लाल. तिनं मान वळवली. मधेच एका लादीची जागा रिकामी होती, चौकोनी, वाळूनं भरलेली. शेजारी बसवणारा गवंडी उकिडवा बसला होता. एक लादी कमी पडली म्हणाला, मॅडम, कालच्या खेपेत. 

फीत कापली गेली. लोक आत शिरले. आणि दहा पावलं जात नाहीत तोच एक बाई थबकली, वाकली, बोटानं लादीवरची धूळ पुसली. नवरीच्या बाहुलीचा अर्धा चेहरा होता तो, मुंडावळीसकट. बाईनं झटकन पायांतल्या चपला काढल्या आणि हातात घेतल्या. तिच्या मागच्या बाईनंही काढल्या. मग एका म्हाताऱ्यानं. बघता बघता वाटेच्या तोंडाशी चपलांचा हा ढीग, आणि लोक अनवाणी, सांभाळून, टाचा उचलून चालायला लागले, काहीजण तर कडेच्या गवतातून. करमणूक राहिली बाजूला, सगळे देवळात आल्यासारखे कुजबुजत होते. राघवेंद्र घाईघाईनं सुष्माजवळ आला आणि कन्नडात म्हणाला, "सुष्मा, हे काय? आपण देऊळ बांधलं काय? दुपारी पाय भाजतील लोकांचे. वाटेवर चालायलाच कुणी धजलं नाही, तर वाट कशाला म्हणायची?" तो बरोबर बोलत होता. तिनं त्याला उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि तिचं तिच्या हाताकडे लक्ष गेलं. तिच्या स्वतःच्या चपला तिच्या हातात होत्या. कधी काढल्या, तिला आठवेना. ती वाटेच्या कडेला उभी होती, आणि तिचा पाय काही केल्या पुढं पडत नव्हता. बारा महिने जिच्यासाठी भांडली ती ही वाट, आणि तिच्या धनिणीलाच तिच्यावर चालता येत नव्हतं. ती रडायच्या बेतात होती.

आणि त्या सगळ्या अनवाणी लोकांच्या मधून, छत्री उघडून, नव्या चपलांचा चटचट आवाज करत, अम्मा चालली होती. सरळ, मधोमध. लोक तिच्या पायांकडे बघत होते. रिकाम्या चौकोनापाशी ती थांबली आणि मागे वळली.

"ये की गं. सुम्ने, उगाच का उभी आहेस तिथं?"

सुष्मा गेली. कशी गेली, कुठं पाय टाकला, तिनं बघितलं नाही. "अम्मा, तुला एक सांगायचं आहे. या लाद्यांत..."

"आहेत. गोत्तु मला."

"तुला कसं माहीत?"

"अगो, बोर्डावर दप्प मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, चुरा करून लाद्या करणार म्हणून. मला कन्नड वाचाला येत नाही समजलीस काय? देवांचं खोकं मी वेगळं का केलं मग? देव शाळांत जाणार, माणसं चुऱ्याला, असं लिहिलं होतं की."

"आणि शिपाई? ते चुकून..."

"चुकून काय? मी घातले. अप्पांना सगळ्यांत शेवटी, वर ठेवलं, बाकीच्यांचं वजन पडाला नको म्हणून." अम्मानं छत्री दुसऱ्या हातात घेतली. तिचा आवाज जरा खाली आला. "चाळीस दसरे पुसलं मी त्यांना. काढायचं, पुसायचं, मांडायचं, परत गुंडाळायचं, जपून, जपून, एकाचं बोट नको मोडाला. साकु झालं, पुरे आता, सुष्मा. आणि माझ्यामागं तू काय केली असतीस? मांडाला तुला वेळ नाही, टाकाला तुझा जीव नाही. माळ्यावर ठेवून दर दसऱ्याला तिकडं बघून झुरली असतीस. तो घोर तुझ्यामागं कशाला ठेवून जायचा?"

"मग बोलली का नाहीस? पंधरा दिवस मी..."

"तू बोलशील म्हणून थांबले. रोज घास अडकायचा तुझा, बघून मलाच कसंसं व्हायचं. काल विचारलं सुद्धा. लहानपणापासूनची खोड तुझी, तोंडात मूग धरून बसायची." अम्मा खाली वाकून लाद्यांकडे बघायला लागली, चष्मा वर करून. "इथंच कुठं तरी भाजीवाली असेल नव्हं? आता कोण उतरवतोय तिला खालच्या पायरीवर!" ती हसली. मग म्हणाली, "ते राहू दे. अप्पा कुठल्या लादीत आहेत, तेवढं दाखव."

 "अप्पा गाडीत आहेत," सुष्मा म्हणाली.

अम्मा बघतच राहिली. आणि मग जी हसायला लागली, की पदर तोंडाला लावावा लागला, डोळ्यांतून पाणी आलं, छत्री तिरकी झाली. "अय्यो देवा! काल वडे गच्चीवर, आणि माणूस डिकीत! कालपासून त्यांना एकट्यांना बसवलंस? बाकी सगळे इथं, आणि हे तिकडं उन्हात? आण जा. बेगा आण."

सुष्मा अनवाणीच धावत गेली आणि छातीशी धरून लादी घेऊन आली. सुतळी सोडली, पेपर काढला. अम्मानं लादीकडे बघितलं, पदराच्या टोकानं तो एक डोळा पुसला, सवयीनं, दर दसऱ्याला पुसायची तसा, आणि हात मागे घेतला. गवंड्यानं वाळू सारखी केली आणि लादी चौकोनात ठेवली. ती शेजारच्या लाद्यांपेक्षा बोटभर वर राहिली आणि एका कोपऱ्यावर डुगडुगायला लागली. "वर कुणीतरी उभं राहायला पाहिजे, अम्मा," गवंडी म्हणाला. "वजन पडल्याशिवाय बसत नाही."

आजूबाजूचे लोक बघत होते. सुष्मा मागे सरली. अम्मानं छत्री मिटून तिच्या हातात दिली, पातळ घोट्यावर उचललं आणि चपलांसकट लादीवर चढली. लादी जरा करकरली आणि तिथंच राहिली. अम्मा दोनदा जागच्या जागी हलली. काही नाही. अप्पा गेल्यापासून ती वाळून काटकी झाली होती.

"माझ्या एकटीनं काय होतंय?" ती म्हणाली. "तू पण ये. चपला घाल, ऊन आहे."

सुष्मानं चपला खाली टाकल्या. एकेक पाय आत सरकवला. अम्मानं हात पुढं केला होता. तो दंड अजून तसाच बारीक होता, पण पकड चांगली घट्ट होती. तिनं तो धरला आणि अम्माच्या शेजारी, त्या एका डोळ्याच्या बाजूला, पाय ठेवला. दोघी एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. पायाखाली वाळू सरकल्याचं तिला जाणवलं आणि लादी हळूच खाली गेली, शेजारच्या लाद्यांच्या बरोबरीला. अम्मानं टाचेनं एकदा दाबून बघितलं.

"बसले," ती म्हणाली, आणि सुष्माचा हात न सोडता पुढं चालायला लागली.